बिनशेपटीची पाकोळी

मित्रांनो, मी एक जुनी पाकोळी आहे आणि मला शेपूट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. सगळ्यांचा असतो. परवा शाळा तपासायला एक साहेब आले. मान वर करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "अरेरे, हिची शेपटी मोडली वाटतं." मोडली नाही हो! नव्हतीच. मला कधी शेपूट नव्हती, आणि ती नाही म्हणून माझं काही अडलंही नाही. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तीच सांगायला आज बसले आहे. बसले म्हणजे लोंबकळले आहे, अंबडच्या एका शाळेच्या मोठ्या खोलीत, आढ्याला, चार दोरखंडांवर.

पाकोळी हे माझं नाव, पण मी पक्षी नाही. मी बिनइंजिनाचं विमान आहे. अशा विमानाला ग्लायडर म्हणतात. उंचावरून हवेवर स्वार व्हायचं आणि तरंगत तरंगत खाली यायचं, एवढंच त्याचं काम. पण इतर ग्लायडरांना धड असतं, शेपूट असते. मी म्हणजे नुसता एक पंख. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत बावीस हात, टोकं थोडी मागं कललेली, आणि मधोमध एक माणूस बसेल एवढी जागा. जालन्यातले लोक मला भुंडी म्हणत. म्हणोत बापडे. मला ज्यांनी घडवलं त्यांनी पाकोळी म्हटलं, मी तेच धरून बसले.

मला घडवलं दोघांनी. एक वामन. दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत तो हैदराबादकडच्या एका विमानतळावर फिटर होता. लढाई संपली, निजामाचं संस्थानही गेलं, आणि तो परत येऊन जालन्यात रामरावांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रं दुरुस्त करू लागला. दुसरे फकरोद्दीन मिस्त्री. जालन्यातल्याच मस्तगड भागात त्यांचं टांगे बांधायचं दुकान होतं. तीस वर्षांत त्यांनी बांधलेल्या एका टांग्याचाही जोड सुटला नव्हता, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांची बायको नूरबी सांगे.

वामन पहिल्यांदा त्यांच्याकडं आला तेव्हा हातात टेटू नावाच्या झाडाची एक शेंग होती. मस्तगडातल्या काष्ठौषधीच्या दुकानात ती टांगलेली असते, तलवारीएवढी लांब. त्यानं शेंग फोडली, आतलं एक बी काढलं आणि माडीवरून सोडलं. कागदासारखा पातळ पंख असलेलं ते बी रस्त्यावरून तरंगत, डुलत थेट पलीकडच्या पानाच्या टपरीवर जाऊन उतरलं.

"याला शेपूट हाय का, चाचा?" वामननं विचारलं.

मिस्त्रींनी आणखी एक बी सोडून पाहिलं. मग आणखी एक. अख्खी शेंग रिकामी झाली तेव्हा ते म्हणाले, "न्हाई. बिलकुल न्हाई. बोल, लकडी कुठली घ्यायची?"

लाकूड नवं कुठून आणणार? मित्रांनो, माझ्या अंगात एकही वस्तू नवी नाही, आणि याची मला लाज नाही. लढाईत विमानांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून आले, ती खोकी जुन्या बाजारात भंगारात पडली होती. त्यांच्या हलक्या विलायती फळ्यांचा माझा कणा झाला. चहाच्या पेट्यांच्या पातळ फळ्यांच्या माझ्या बरगड्या. माझ्या पंखांच्या टोकांना हलत्या पट्ट्या आहेत, त्यांनी मी वळते, वर होते, खाली होते. त्यांच्या बिजागऱ्या एका पडक्या चावडीच्या खिडकीच्या, आणि त्या ओढणाऱ्या तारा सायकलच्या ब्रेकच्या. बसायला टांग्याची गादी. पोटाखाली बाभळीची घसरपट्टी, तिला लॉरीच्या टायरचा तळवा, म्हणजे उतरताना घसरत थांबता यावं.

आणि जोड? जोडासाठी मिस्त्रींनी सरस, म्हणजे हाडाचामड्याचा गोंद, काढला तर वामन म्हणाला, "चाचा, सरस ओलीला पाघळतो. दुधाचा लावू."

"दुधाचा? मी सुतार हाय का हलवाई?"

पण दूध आलं. वामनची मोठी बहीण सगुणाबाई शेजारच्याच गल्लीत दिलेली होती. तिच्या म्हशीचं दूध नासवायचं, पाणी पिळून चोथा घ्यायचा, त्यात चुना घालून घोटायचा. त्याचा असा चिकट लगदा होतो की विचारू नका. मिस्त्रींचा विश्वास बसेना. त्यांनी दोन फळ्या जोडल्या, आठ दिवस हौदात बुडवून ठेवल्या, मग कडुलिंबाला टांगल्या आणि तालमीतल्या चार पैलवानांना खाली लोंबकळायला लावलं. कडाड्‌कन आवाज झाला. पैलवान एकमेकांवर पडले. मिस्त्री धावत गेले ते पैलवानांकडं नाही, फळ्यांकडं. लाकूड तुटलं होतं. जोड जिथल्या तिथं होता.

हे लक्षात ठेवा, मित्रांनो. लाकूड तुटलं, जोड नाही. हे शंभर लोकांनी पाहिलं होतं. आणि त्याच शंभर लोकांनी पुढं ते विसरून दाखवलं.

नूरबीनं हातमशीनवर मांजरपाट शिवून मला अंगभर कापड घातलं. "एवढा मोठा कुडता मी जिंदगीत शिवला न्हाई," ती म्हणे. त्यावर साबुदाण्याची खळ, त्यावर रोगण. वाळल्यावर मी डफासारखी टणटण वाजू लागले. सगुणाबाई रोज दूध घेऊन येई आणि माझ्यावरून हात फिरवून जाई. पाकोळी हे नाव तिचंच. "किती गुणाची लेक हाय," म्हणे. मला तेव्हा फार बरं वाटे. आताही वाटतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिथंच आहे. माझ्यासारख्या बिनशेपटीच्या विमानाचा तोल तराजूच्या दांडीसारखा असतो. वामननं माझ्या पोटावर एक तांबडी रेघ मारली होती. त्या रेघेखाली आडवा वासा घालून मला उचललं, की वामन आत बसलेला असताना मी बरोबर सपाट राहायला हवी. नाक थोडं हलकं भरलं तेव्हा तिथं वजन हवं होतं. किती धोंडे ठेवून पाहिले! एक जड, एक हलका, एक बसेना. शेवटी वामन बहिणीच्या घरी गेला आणि तिचा वरवंटा उचलून घेऊन आला. तो नाकात असा बसला की जणू त्याच्यासाठीच जागा केली होती. मी सपाट झाले.

सगुणाबाई मागून धावत आली. "वाम्या, अरे चटणी अर्धी वाटलेली हाय पाट्यावर!"

"अक्का, आता हा वरवंटा आभाळात जाणार."

"अन् मी काय, भाकर कोरडी खाऊ?"

सगळे हसले. वरवंटा राहिला. आणि वामननं बजावलं, "आता हिच्यात कुनी काय ठिवायचं न्हाई अन् काढायचं न्हाई. हारसुद्धा नको."

सन एकोणीसशे त्रेपन्नचा फेब्रुवारी. अंबडच्या वाटेवर एक उघडी टेकडी आहे, खाली ज्वारी काढलेली रानं. दोन बैलगाड्या जोडून मला तिथं नेलं. लॉरीच्या ट्यूबा कापून, वेणी घालून केलेला रबरी दोर माझ्या नाकाला अडकवायचा, चार पैलवानांनी एक टोक आणि चार जणांनी दुसरं टोक धरून उतारावरून पळायचं, दोर ताणला की मागचा खुंटा सोडायचा आणि मी गोफणीतल्या दगडासारखी सुटायची, अशी योजना. जत्रेला जमावेत तसे लोक जमले. रामराव खुर्ची आणवून बसले होते. "मिस्त्री," ते म्हणाले, "शेपूट घरी राह्यली की काय?" लोक हसले. मिस्त्री शेवटची बिजागरी तपासत राहिले.

सकाळी वासा घालून माझा तोल पाहिला होता. सपाट. मग वामन वारा बघायला टेकडीच्या टोकाशी गेला, मिस्त्री पैलवानांना दोर समजावायला खाली उतरले. तेवढ्यात सगुणाबाई माझ्याजवळ आली. पदराखाली काहीतरी होतं.

मित्रांनो, लेक घरातून निघाली की तिची ओटी भरतात, हे तुम्हाला माहीत आहे. सगुणाबाईच्या लेखी मी लेक होते आणि मी निघाले होते. अशी मोकळ्या ओटीची ती मला कशी जाऊ देणार? आणि एवढ्या मोठ्या लेकीला एक नारळ शोभतो का? तिनं पाच आणले होते, त्यावर पाच ओंजळी गहू, हिरवा खण, हळकुंड, सुपारी. हे सगळं एका फडक्यात बांधून ती आधी नाकाकडं घेऊन गेली, वरवंट्याजवळ. तिथं ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं! पण तिथं वामनचे पाय येत होते. ओटीला पाय कसा लागू द्यायचा? म्हणून ती मागं वळली, गादीच्या मागचं कापडी झाकण उघडलं आणि हात जाईल तितक्या आत ओटी सरकवली. मला कुंकू लावलं. "हार नको म्हनला," ती माझ्या कानाशी बोलावं तसं बोलली, "ओटी नको कुठं म्हनला? सांभाळ गं माझ्या भावाला."

मी ओरडायला हवं होतं. पण मला देवानं आवाज दिला नाही, आणि वामननंही नाही.

पैलवान पळाले. दोर ताणला. खुंटा सुटला आणि मी सुटले. त्या हिसक्यासरशी मागच्या फडक्याची गाठ सुटली, आणि पाचही नारळ गडगडत माझ्या अगदी मागच्या काठाशी जाऊन बरगड्यांत घट्ट अडकले. माझं नाक वर होऊ लागलं. वामननं पट्ट्या खाली दाबल्या, मी ऐकायला तयार होते, पण माझी मागची बाजू मला खाली ओढत होती. मी वर, आणखी वर, जवळजवळ उभी झाले. वेग संपला. मग मी नाकावर पडले. मी आभाळात किती होते? तुम्ही दहापर्यंत आकडे म्हणा. तेवढंच.

खाली एक काळा खडक होता. माझं नाक फुटलं. वामनचा उजवा पाय मोडला. त्याला बैलगाडीत घालून नेताना सगुणाबाई त्याच्या उशाशी बसली होती आणि रडत रडत हात जोडत होती. ती काय पुटपुटत होती ते मी ऐकलं. "ओटी भरली व्हती म्हनून पायावर निभावलं. ओटी भरली व्हती म्हनून."

आठ दिवसांनी बाहेरगावचे एक साहेब चौकशीला आले. पांढरी विजार, हातात रूळ. जिनिंगच्या सरकीच्या गोदामात मला आणून टाकलं होतं. साहेबांनी दारातूनच विचारलं, "शेपटी कुठे आहे?" नव्हती म्हटल्यावर त्यांनी एक ओळ लिहिली. मग रुळानं माझं फुटलं नाक उचकटलं आणि दुसरी ओळ लिहिली: "जोडकाम निकृष्ट." झालं! मित्रांनो, मी दगडावर आपटले म्हणून जोड फुटला, की जोड फुटला म्हणून मी आपटले? एवढं साधं विचारायला कितीसं शिकावं लागतं? उरलेले तीनशे जोड त्यांनी बघितले नाहीत. गादीच्या मागं हात घातला नाही. विजार मळली असती ना! माझ्या नाकाकडच्या आणि गादीमागच्या, दोन्ही झाकणांवर त्यांनी सुतळी बांधली, लाखेचं सील ठोकलं, आणि हुकुमाशिवाय कुणी हात लावायचा नाही असं सांगून दुपारच्या गाडीनं गेले.

वामन चार महिन्यांनी काठी टेकत आला. पाय दोन बोटं आखूड झाला होता. तो चौकात सांगे, "जोड सुटला न्हाई हो. नाक वर जाऊन राह्यलं होतं. चूक माझ्या हिशेबाची असंल." लोक म्हणत, दोस्ताला झाकून राह्यला. रामराव सगळ्यांदेखत मिस्त्रींना म्हणाले, "टांगा जमिनीवर चालतो, मिस्त्री, म्हनून तुमचं झाकून गेल्तं. आभाळानं उघडं पाडलं बघा." आणि हसले.

हसणं सोपं असतं. त्या हसण्यानं मिस्त्रींचं दुकान बसलं. ज्याचा जोड वर सुटला त्याच्या टांग्यात बायकामुलं कशी बसवायची, असं टांगेवाले म्हणू लागले. तीस वर्षांचं काम दहा आकड्यांत गेलं. ते पाट, लाटणी आणि खाटेचे खूर करू लागले, आणि लाटणं द्यायलाही मान वर करीनात. नूरबी मात्र गप्प बसणारी नव्हती. एकदा ती गोदामाच्या दारात उभी राहून मलाच म्हणाली, "तूच बोल गं! तुझा कोनता जोड निघाला?" मी काय बोलणार? तीन वर्षं मी अंधारात, सरकीच्या वासात पडून होते. उंदरांनी ओटीतले गहू खाल्ले. माझ्या पोटात खरं उत्तर होतं, त्यावर लाखेचं सील होतं, आणि बाहेर एका सरळ माणसाचं नाव रोज थोडं थोडं मातीत जात होतं. मला त्या दिवसांचा अजून संताप येतो. येऊ नये का?

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर कापूस फार आला. रामरावांना गोदाम मोकळं हवं होतं. त्यांनी वरून हुकूम आणवला: सील काढून मोडीत काढावे. आणि फकरोद्दीन मिस्त्रींनाच बोलावणं धाडलं. "ज्यानं जोडलं त्यानंच तोडावं," म्हणाले. हे मुद्दाम होतं, तुमच्याही लक्षात आलं असेल.

मिस्त्री आले. हातात लाकूड तासायचा वाकस होता. त्यांनी सील फोडलं, आणि वाकस उगारण्याऐवजी खाली ठेवला. मग माझ्या एकेका जोडावरून अंगठ्याचं नख फिरवत गेले. हा बंद. हाही बंद. कण्याचा, बरगड्यांचा, पंखाच्या टोकाचा. एकही उघडा नव्हता. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी गादीच्या मागं त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला, आणि एक नारळ बाहेर आला. वाळून आतला गोटा खुळखुळत होता. मग दुसरा. मग पाचवा. मग हिरवा खण.

ते तसेच मातीत बसले. एवढ्यात नूरबी त्यांची भाकर घेऊन आली. तिनं खण उचलला, नारळांकडं पाहिलं, माझ्या मागच्या काठाकडं पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही.

"या अल्ला! ये तर ओटी हाय. चला, उठा. आत्ता जाऊन चौकात सांगा समद्यांना."

"चुप, नूरबी."

"काहून चुप? तीन बरस लोक तुमच्या नावावर थुंकून राह्यले!"

"ही ओटी कोनाची हाय, तुला ठावं हाय." मिस्त्री हळू बोलत होते. "बहिणीच्या हातानं भावाचा पाय मोडला, हे तिला कोन सांगंल? मी? माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. नारळ थैलीत टाक."

मित्रांनो, मी आयुष्यात इतकी कधी चिडले नव्हते. बोला ना, मिस्त्री! मी आतून ओरडत होते. तुमचं नाव तुमच्या हातात आलंय, आणि तुम्ही ते थैलीत टाकता? पण माझ्या रागालाही त्या माणसापुढं मान खाली घालावी लागली.

नूरबीनं चार नारळ टाकले. पाचवा आणि खण तिच्या हातात होता, तेव्हा दारात सावली पडली. सगुणाबाई. ती वामनचं जेवण घेऊन रोज दुपारी जिनिंगमध्ये येई.

"ही माझी ओटी!" तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, तीन वर्षं तशीच? हिनंच वाचवलं माझ्या वामनला. फकरूभाई, तुमी लपवून काहून राह्यले?"

मिस्त्री जमिनीकडं बघत होते. नूरबीनं तोंडाला ओढणी लावली. सगुणाबाईनं एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. मग तिची नजर माझ्या फुटक्या नाकाकडं गेली. तिथं तिचा वरवंटा अजून होता. तिथून ती सावकाश मागं गेली, मागच्या उघड्या झाकणापर्यंत. जन्मभर तराजूवर दाणे मोजून घेतलेली बाई ती. दांडीच्या एका टोकाला वरवंटा, आणि दुसऱ्या टोकाला तिनं काय ठेवलं होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती भाकरीचं फडकं घेऊन खाली बसली.

"वामनला ठावं हाय?"

"न्हाई, बाई," मिस्त्री म्हणाले. "अन् व्हायचं बी न्हाई. तुमी घरी जा."

सगुणाबाई उठली. नूरबीच्या हातातला नारळ घेतला, थैलीतले चार काढले, पाचही ओच्यात घातले आणि बाहेर चालू लागली. अंगणात गडी माणसं जेवायला बसली होती. वामन होता. रामराव हिशेबनीसाशी बोलत उभे होते.

"ऐका समदे!" ती मोठ्यानं म्हणाली. "फकरूभाईचा जोड सुटला न्हाई. त्या दिशी मी हिची ओटी भरली. वामन नको म्हनला व्हता, तरी चोरून भरली, अन् मागच्या अंगाला ठिवली. नाक वर गेलं ते माझ्यानं. माझ्या भावाचा पाय मी मोडला. अन् या मानसाचं नाव बी मीच मोडलं."

रामराव खाकरले. "जाऊ द्या, बाई. झालं गेलं ते गेलं."

"तुमचं काय गेलं, रामराव?" ती त्यांच्याकडं वळली. "गेलं ते फकरूभाईचं. वासा आना. तोल धरा. समद्यांनी डोळ्यांनी बघा."

मला अंगणात काढलं, वासा आणला. तांबड्या रेघेखाली घातला. फुटक्या नाकाचे तुकडे जागच्या जागी बांधले, वामन काठी टाकून आत बसला. मी सपाट राहिले. मग सगुणाबाईनं स्वतःच्या हातानं एकेक नारळ मागच्या काठाला ठेवला, आणि उंदरांनी खाल्लेल्या गव्हाच्या जागी पाच ओंजळी नवे गहू. पाचव्या ओंजळीला माझं नाक सगळ्यांच्या देखत आभाळाकडं उचललं गेलं आणि मागचा काठ धप्पदिशी मातीला टेकला.

आता कुणी हसलं नाही. मी मात्र हसले असते, तोंड असतं तर.

वामन आत उताणा पडला होता, तिथूनच तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अक्का, तीन वर्षं रोज हिशेब करून राह्यलो! चूक सापडंना म्हनून डोस्कं फिरायची पाळी आल्ती. आगं, हिशेब बराबर व्हता! बराबर व्हता, चाचा!"

"तुझा पाय रे..." सगुणाबाई म्हणाली.

"पाय दोन बोटंच गेला. बाकी समदा हाय की."

रामराव मिस्त्रींजवळ आले. मोठ्या माणसांना माफी मागता येत नाही, त्यांना काम सांगता येतं. म्हणाले, "मिस्त्री, आमच्या बग्गीचं चाक करकर करून राह्यलंय. बघता का?"

"बघतो," मिस्त्री म्हणाले. "आधी पाकोळी. मंग तुमचं चाक."

माझं नाक पुन्हा जोडलं. पुन्हा दूध नासलं, चुना घोटला, नूरबीनं फाटलेल्या कापडाला ठिगळं लावली. छप्पन्नच्या जानेवारीत त्याच टेकडीवर पुन्हा वासा घातला. सगुणाबाई लांब उभी होती, हात पाठीमागं धरून, कुठं काही लागू नये म्हणून. मिस्त्रींनी तिला हाक मारली.

"बाई, ओटी आनली का?"

"न्हाई हो! आता कशाला?"

"लेक मोकळ्या ओटीनं जाईल का? आना. पन कुठं ठिवायची ते मी सांगनार."

ओटी ती घरून घेऊन आलेलीच होती, पिशवीत घालून, पण ठेवायचं धाडस होत नव्हतं इतकंच. मिस्त्रींनी माझ्या नाकातला वरवंटा काढला, आणि त्या जागी पाच नारळ आणि गहू रचले. वामनचे पाय लागू नयेत म्हणून मध्ये त्यांनी आदल्या दिवशीच एक छोटी फळी बसवून ठेवली होती. मूठभर गहू काढले, दोन दाणे परत टाकले. मी सपाट झाले.

"मंग माझा वरवंटा मला द्या," सगुणाबाई डोळे पुसत म्हणाली. "तीन वर्षं खलबत्त्यात कुटून राह्यले, चटनीला चव न्हाई."

त्या दिवशी मी एक मिनिट आणि वर पंधरा मोजेपर्यंत हवेत होते. खाली ज्वारीची धसकटं, त्यावरून माझी सावली पळत होती. तिला शेपूट नव्हती, आणि ती किती सुरेख होती म्हणून सांगू! मी घसरत थांबले तेव्हा सगळ्यात आधी पोचले ते फकरोद्दीन मिस्त्री. त्यांनी वामनला काही विचारलं नाही, की मला. नुसतं अंगठ्याचं नख माझ्या नाकाच्या जोडावरून फिरवलं.

नंतर मी आणखी सहा वेळा उडाले. मग कापड विरलं, वामननं मला या शाळेला दिलं. मिस्त्रींच्या दुकानात आता पुन्हा टांगे उभे असतात. पण मित्रांनो, साहेबांचा तो कागद अजून कुठल्यातरी कपाटात आहे, आणि त्यावर अजून तेच लिहिलेलं आहे: शेपटीचा अभाव, जोडकाम निकृष्ट. तो कुणी खोडला नाही. कागदावर लिहिणारे पुन्हा बघायला येत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. माझ्यावरची धूळ कधीमधी झटका, माझ्या दोरखंडांना लोंबकळू नका, एवढं तर मी मागणारच. पण एखाद्याचं काम मोडलेलं दिसलं, आणि सगळे एका माणसाकडं बोट दाखवत असले, तर तुम्ही हसण्याआधी गादीच्या मागं हात घाला. खांद्यापर्यंत घाला. बाही मळली तर मळू द्या.

आणि उद्या कुणी पाहुणा आला, मान वर करून विचारू लागला, "हिची शेपूट कुठं गेली?" तर माझ्या वतीनं तुम्हीच सांगा. वर्गाच्या कपाटात वामननं टेटूची एक शेंग ठेवली आहे. तिच्यातलं एक बी काढा, आणि खिडकीतून सोडून द्या.